हनुसंधीची कैफियत

दोन्ही हातांच्या तर्जनी कानांच्या छिद्रांपुढे, गालाच्या हाडाच्या मुळाशी हलकेच टेकवाव्यात आणि तोंड सावकाश उघडत जावे; प्रथम बोटांखाली एक कठीण उंचवटा जागच्या जागी फिरल्यासारखा वाटतो, आणि मग, तोंड जेमतेम निम्मे उघडले न उघडले तोच, तो उंचवटा बोटांना चुकवून पुढे सरकतो व त्याच्या मागे एक लहानसा खळगा पडतो. हा जबड्याचा सांधा. शास्त्रीय परिभाषेत हनुसंधी. घास चावताना, बोलताना, जांभई देताना आणि आवंढा गिळताना दिवसाकाठी शेकडो वेळा राबणाऱ्या या सांध्याचे अस्तित्वही बहुतेकांना आयुष्यभर जाणवत नाही, आणि ज्यांना जाणवते त्यांना ते बहुधा वेदनेच्याच रूपाने जाणवते. तीही पुष्कळदा सांध्याच्या जागी नव्हे, तर कानात, कानशिलात, दाढेत किंवा कपाळात.

शरीरातील इतर सांध्यांशी ताडून पाहिले म्हणजे या सांध्याची रचना किती निराळी आहे हे कळते. कोपराचा सांधा दाराच्या बिजागरीप्रमाणे एकाच आसाभोवती हलतो. हनुसंधी मात्र आधी फिरतो आणि नंतर सरकतो. खालच्या जबड्याच्या टोकाशी असलेला गोलसर माथा शंखास्थीच्या खोबणीत बसलेला असतो, परंतु हाडाला हाड थेट भिडत नाही. दोहोंच्या मध्ये तंतुमय कूर्चेची, मध्यभागी पातळ व कडांना जाड अशी एक चकती असते, आणि तिच्यामुळे सांध्याचे वर-खाली असे दोन स्वतंत्र कप्पे पडतात. खालच्या कप्प्यात फिरण्याची क्रिया होते, वरच्या कप्प्यात सरकण्याची. आणि या दोन क्रिया एकमेकींत बेमालूम मिसळल्या तरच तोंड पूर्ण उघडते. निरोगी प्रौढ माणसाच्या वरच्या व खालच्या पुढील दातांमधील अंतर तोंड पूर्ण उघडल्यावर साधारणपणे ४० ते ५० मिलिमीटर भरते, म्हणजे स्वतःच्याच हाताची तीन बोटे उभी आत जातात. शिवाय उजवा व डावा असे दोन्ही सांधे एकाच हाडाच्या दोन टोकांना असल्यामुळे एकाला सोडून दुसऱ्याला हलता येत नाही. एका बाजूच्या सांध्यात अटकाव झाला की हनुवटी त्या बाजूकडे झुकते आणि दुसऱ्या बाजूवर जादा श्रम पडतात.

चकती आपल्या जागेवरून पुढे घसरली आणि तोंड उघडताना पुन्हा माथ्यावर येऊन बसली, तर त्या क्षणी 'कट्' असा आवाज होतो. हा आवाज ऐकून लोक घाबरतात, आणि सांधा झिजला, हाड तुटत चालले, अशा नाना शंका मनात आणतात. पण वेदना नसेल आणि तोंड मोकळेपणाने उघडत असेल, तर नुसत्या आवाजावर उपचार करण्याचे कारण नाही. असा आवाज असंख्य धडधाकट माणसांच्या जबड्यातून येतो आणि वर्षानुवर्षे येत राहूनही त्यांचे काही बिघडत नाही. जिची दखल घ्यावी अशी स्थिती वेगळी आहे: पूर्वी येणारा आवाज एके दिवशी अकस्मात बंद होतो आणि त्याच दिवसापासून तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासे होते. पुढे सरकलेली चकती आता मागे परतत नाही आणि माथ्याची वाट अडवून बसते, असा त्याचा अर्थ.

तथापि हनुसंधीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांत सांध्यापेक्षा स्नायूंचेच दुखणे अधिक आढळते. जबडा मिटवणारे स्नायू फार बलवान आहेत. त्यांपैकी गालाच्या मागील भागातला चर्वणस्नायू दात आवळताच हाताला टणक लागतो; आणि दुसरा, शंखस्नायू, कानाच्या वर व पुढे, कवटीच्या बाजूवर पंख्यासारखा पसरलेला असतो. ज्याला आपण कानशील म्हणतो त्या जागी बोटे ठेवून दात आवळावेत, म्हणजे हा स्नायू बोटांखाली फुगलेला कळतो. डोके दुखते म्हणून ज्या जागी माणूस बाम चोळतो ती जागा म्हणजे पुष्कळदा चावण्याचाच एक स्नायू असतो. आणि दिवसभर नकळत दात आवळून ठेवणाऱ्या माणसाचे कानशील संध्याकाळी ठणकू लागले, तर थकलेल्या पोटऱ्या दुखण्याइतकेच ते स्वाभाविक आहे.

जबडा आणि मस्तक यांचा संबंध इतक्यावर संपत नाही. चेहरा, दात, हनुसंधी आणि मेंदूवरील आवरणांचा मोठा भाग यांच्याकडून येणारी वेदनेची वार्ता त्रिशाखी मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जाते. या मज्जातंतूचे वेदनाग्राही केंद्र मेंदूच्या खोडातून खाली उतरत मानेतील मज्जारज्जूच्या वरच्या दोन-तीन विभागांपर्यंत पोहोचलेले असते, आणि तेथेच मानेच्या वरच्या सांध्यांकडून व स्नायूंकडून येणारे तंतूही येऊन मिळतात. एकाच दप्तरात निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले अर्ज एकत्र पडावेत आणि कोणता कोठला याचा उलगडा होऊ नये, तशी मेंदूची अवस्था होते: मानेचे दुखणे डोळ्यामागे भासते, चर्वणस्नायूतील दुखरी गाठ दाढेत कळ उठवते, आणि सांध्याची पीडा कानात शिरल्यासारखी वाटते. त्यामुळे असा रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जातो, मग चष्म्याचा नंबर तपासून घेतो, एखादी निर्दोष दाढ काढून मोकळा होतो, आणि तरीही दुखणे जिथल्या तिथे राहते. या माणसाचे हाल केवळ त्याच्या अज्ञानामुळे होतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. वेदना जेथे जाणवते तेथेच तिचे मूळ शोधणे हा मनुष्याचा सहज स्वभाव आहे, आणि तो चिकित्सकालाही सुटत नाही.

निखळलेला जबडा बसवण्याची विद्या फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या काळातील इजिप्तमधील एका वैद्यकीय पपायरसात, दोन्ही अंगठे तोंडात घालून जबड्याच्या मागील टोकांवर ठेवावेत, बोटे हनुवटीखाली धरावीत आणि जबडा मागे बसवावा, अशी रीत नोंदलेली आहे. आपल्या सुश्रुतसंहितेतही भग्नचिकित्सेच्या प्रकरणात निखळलेला हनुसंधी शेकून जागेवर आणण्याची आणि त्यावर विशिष्ट पट्टबंध बांधण्याची तजवीज सांगितली आहे. परंतु जागेवर असूनही दुखणाऱ्या जबड्याचा विचार पुष्कळ अर्वाचीन आहे. १९३४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील कान-नाक-घशाचे तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, मागच्या दाढा पडल्यामुळे खालचा जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, सांध्याचा माथा मागे दाबला जातो आणि त्या दाबामुळे कानदुखी, कानातील आवाज व डोकेदुखी उद्भवते. कॉस्टेन यांनी सांधा आणि डोकेदुखी यांची सांगड घातली हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्यांनी गृहीत धरलेला दाब शरीररचनेच्या कसोटीवर टिकत नाही, हे १९४८ साली हॅरी सिखर या शरीररचनाशास्त्रज्ञाने दाखवून दिले. तरीही दातांची ठेवण बिघडली म्हणून सांधा दुखतो, तेव्हा दात घासून, टोप्या बसवून किंवा चावाच बदलून तो बरा करावा, हा विचार पुढे कित्येक दशके अंमल गाजवीत राहिला.

त्या विचाराला धक्का देणारा एक साधा प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. शिकागो येथील संशोधकांनी २५ रुग्णांचे दात घासण्याचे केवळ नाटक केले, प्रत्यक्षात चाव्यात काहीही बदल केला नाही. आणि तरीही त्यांपैकी १६ जणांचे दुखणे संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण थांबले. या निष्कर्षातून रुग्णांचे दुखणे खोटे होते असा अर्थ काढणाऱ्याला वेदनेचे काहीच कळलेले नाही. अर्थ असा की हे दुखणे आश्वासनाने, विश्रांतीने आणि काळाने पुष्कळ अंशी उतरते, आणि म्हणूनच ज्या उपायाने दाताचे पांढरे कवच कायमचे खरवडले जाते तो उपाय योजण्यापूर्वी दहादा विचार केला पाहिजे. ही सावधगिरी न बाळगल्याची जबर किंमत अमेरिकेतील अनेक रुग्णांना मोजावी लागली. १९८० च्या दशकात दुखऱ्या सांध्यातील चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनयुक्त कृत्रिम पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया तेथे रूढ झाली. चावण्याच्या जोराखाली त्या पट्ट्यांचे कण सुटू लागले, त्या परक्या कणांविरुद्ध शरीराने उग्र प्रतिक्रिया दिली आणि आसपासचे हाड झिजत गेले. १९९० च्या अखेरीस अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्याने धोक्याचा इशारा दिला आणि पुढच्याच वर्षी त्या पट्ट्या बाजारातून परत घेण्यात आल्या; पण तोवर ज्यांच्या कवटीचे हाड पोखरले गेले होते त्यांचे नुकसान परत घेता येण्याजोगे नव्हते. जो इलाज निष्फळ ठरल्यास मागे घेता येतो त्याला आधी संधी द्यावी, हा नियम मी या विषयात सर्वांत मोलाचा मानतो, आणि भौतिकोपचाराचे महत्त्वही त्याच नियमातून उभे राहते.

आपल्याकडे भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी, म्हटले की गुडघा, कंबर आणि अर्धांगवायू एवढेच डोळ्यांसमोर येते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी या विद्येचे शिक्षण सुरू झाले ते पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांची सोय पाहण्याच्या निकडीतून, आणि हातापायांशी जडलेले तिचे नाते लोकमानसात आजही तसेच पक्के आहे; जबडा दुखतो म्हणून आपण होऊन भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जाणारा माणूस विरळाच.

जो जातो त्याची तपासणी विचारपूस करण्यापासून सुरू होते. दुखणे सकाळी उठल्यावर अधिक की संध्याकाळी? सकाळी असेल तर झोपेत दात खाण्याची सवय असावी असा संशय येतो, आणि घरातील माणसांकडून त्याचा दाखलाही मिळतो. संध्याकाळी असेल तर जागेपणी दात आवळण्याची. भाकरी चावताना कानशील दुखते का, जांभई देताना जबडा अडकतो का, सुपारी कातरून चघळण्याची सवय आहे का, मान आखडते का, घरात वा नोकरीत काही विवंचना आहे का, हेही विचारले जाते, आणि यांतला शेवटचा प्रश्न कोणी आगंतुक समजू नये. मग पट्टीने तोंड किती उघडते ते मोजतात, उघडताना हनुवटी सरळ खाली येते की वळण घेते ते समोरून पाहतात, आणि एकेक स्नायू दाबून रुग्णाला एकच गोष्ट विचारतात: तुमचे नेहमीचे दुखणे ते हेच का? कानशिलावर दाबताच रुग्ण दचकून म्हणाला, "हीच ती डोकेदुखी," तर निदानाची निम्मी रुजवात तेथेच झाली. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही, जबड्याच्या हालचालीने किंवा त्या स्नायूंवरील दाबाने वाढणारी, जबड्याच्या विकाराबरोबर सुरू झालेली आणि त्याच्याबरोबर उतरणारी डोकेदुखी हा स्वतंत्र प्रकार मानलेला आहे.

उपचारांतील पहिला पाठ दिसायला अगदी क्षुल्लक आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत परिणामकारक आहे. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून किंचित विलग, आणि जिभेचे टोक वरच्या दातांच्या किंचित मागे, 'न' म्हणताना ती जेथे जाते त्याच्या आसपास, टाळूला टेकलेले: ही जबड्याची विसाव्याची स्थिती. घास चावताना आणि गिळताना दात एकमेकांना भिडतात तेवढाच त्यांचा संबंध. एरवी त्यांनी भिडण्याचे काही कारण नाही. पण हिशेब लिहिताना, दुचाकी चालवताना, सुईत दोरा ओवताना किंवा कोणाचे बोलणे मुकाट्याने सोसताना कित्येकांचे दात घट्ट आवळलेले असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून घड्याळ, आरसा, दाराची कडी अशा वारंवार दृष्टीस पडणाऱ्या वस्तूंना रंगीत कागदाचा ठिपका चिकटवावा आणि तो दिसताच जबडा सैल आहे का ते तपासावे, अशी युक्ती तज्ज्ञ सांगतात. पहिल्या आठवड्यात माणूस स्वतःला इतक्या वेळा पकडतो की त्याचे त्यालाच आश्चर्य वाटते.

त्यानंतर हाताचे काम. हातमोजा घातलेला अंगठा तोंडात घेऊन तज्ज्ञ तो दुखऱ्या बाजूच्या खालच्या दाढांवर ठेवतात, बाकीची बोटे बाहेरून जबड्याच्या कडेखाली धरतात, दुसऱ्या हाताने मस्तक स्थिर करतात, आणि मग अगदी मंद गतीने जबडा खाली ओढतात. किती, तर सांध्यातील ताठर आवरण किंचित ताणले जावे एवढेच. काही क्षण धरायचे, सोडायचे, पुन्हा धरायचे. नंतर त्याच पकडीत माथा हळूच पुढे सरकवायचा. पपायरसातील वैद्याने निखळलेला जबडा बसवण्यासाठी जी पकड घेतली तिचीच ही सौम्य भगिनी आहे. रुग्णाचे खांदे प्रथम कानांपर्यंत चढलेले असतात, लाळ गिळण्याची त्याला चोरी होते, आणि म्हणून चांगला तज्ज्ञ आधीच सांगून ठेवतो की हात वर करताच मी अंगठा बाहेर काढीन. हा करार जेथे पाळला जातो तेथेच स्नायू सैल सुटतो. चर्वणस्नायूतील गाठीसाठी अंगठा गालाच्या आतून आणि बोट बाहेरून अशी चिमटीसारखी पकड घेऊन स्थिर दाब देतात. हे दुखते, पण ते सोसवेल इतकेच दुखले पाहिजे, आणि दाब तसाच ठेवला असता काही क्षणांत ओसरू लागले पाहिजे. न ओसरणाऱ्या वेदनेवर जोर करणारा हात शिकलेला नव्हे.

घरी करण्याच्या व्यायामांत चिलीचे भौतिकोपचारतज्ज्ञ मारियानो रोकाबादो यांची पद्धत जगभर प्रसिद्ध आहे: सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. त्यांपैकी एक आरशासमोर करून पाहण्यासारखा आहे. जिभेचे टोक टाळूला टेकलेले ठेवून तोंड उघडायचे. जीभ सुटू लागली की थांबायचे. जीभ वर असेपर्यंत सांधा मुख्यत्वे फिरतो, फारसा सरकत नाही, आणि त्यामुळे घाईने पुढे उसळणाऱ्या जबड्याला शिस्त लागते. दुसऱ्यात हनुवटीवर दोन बोटांनी हलका विरोध करून जबडा न हलवता स्नायूंना काम द्यायचे. विरोध इतका हलका की पाहणाऱ्याला काही चालले आहे असे वाटूही नये. बाकीचे बरेचसे व्यायाम मान आणि खांद्यांसाठी आहेत. डोके पुढे काढून बसण्याने जबडा दुखतो, हे विधान अलीकडे सरसकट केले जाते आणि ते जितक्या ठामपणे केले जाते तितका पुरावा त्यामागे नाही. परंतु जबडा व मान यांची दुखणी हातात हात घालून येतात, आणि मानेच्या वरच्या सांध्यांवर उपचार केल्याने जबड्याची व डोक्याची पीडाही हलकी होते, असा अनुभव आहे. ओलसर गरम कापडाने पंधरा-वीस मिनिटे शेकणे, काही आठवडे ऊस, चिक्की, कडक लाडू आणि सुपारी वर्ज्य करणे, भाकरी आमटीत कुस्करून खाणे, जांभई येताच जीभ टाळूला लावून हनुवटीखाली मूठ धरणे, हा या उपचारांचा घरगुती बंदोबस्त. मात्र पेज आणि खिमटीवर महिनोन् महिने राहू नये. काम न मिळालेला स्नायू दुबळा होतो आणि दुबळा स्नायू लवकर दुखतो.

२०२३ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलने या दीर्घकालीन दुखण्याविषयी उपलब्ध चाचण्यांची छाननी करून तयार केलेली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत देखरेखीखालील जबड्याचे व्यायाम, शरीरस्थितीचे व्यायाम, तज्ज्ञाच्या हाताने सांध्याला दिलेली हालचाल, दुखऱ्या गाठींवरील दाब आणि वेदनेकडे पाहण्याची दृष्टी बदलणारे मानसोपचार यांची जोरदार शिफारस आहे. आणि चाव्यात कायमचा बदल घडवणाऱ्या पट्ट्या व चकती काढण्याची शस्त्रक्रिया यांना तितक्याच जोराने विरोध आहे. रात्री दातांवर घालावयाच्या, काढता येणाऱ्या पट्टीलाही तिने फारसे अनुकूल मत दिलेले नाही, याचे दंतवैद्यांना आश्चर्य वाटेल. दात झिजू नयेत म्हणून तिचा उपयोग राहील, पण वेदनेवरचा हुकमी उपाय ती नव्हे.

काही प्रसंगी मात्र व्यायामाची भाषाही करू नये. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कानशिलाचे नवे दुखणे लागले, चावताना जबडा थकून थांबू लागला आणि दृष्टी अंधुक झाली, तर ते रक्तवाहिनीच्या दाहाचे लक्षण असू शकते, आणि त्याच दिवशी रुग्णालय न गाठल्यास अंधत्व येऊ शकते. श्रमाने उठणारी आणि विश्रांतीने थांबणारी जबड्यातील कळ हृदयाची असू शकते. आणि महाराष्ट्रात तर आणखी एका विकाराची आठवण ठेवलीच पाहिजे: गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली तरी सुपारी काही सुटलेली नाही, आणि सुपारीने गालाच्या आतील त्वचेत तंतू साचून तोंड हळूहळू बंद होत जाते. येथे सांधा निर्दोष असतो. तिखट खाताच तोंडाची आग होते, गालाचा आतला भाग पांढुरका व ताठर लागतो, आणि अशा तोंडात पुढे कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो. विशी-पंचविशीतला तरुण तोंड उघडत नाही म्हणून आला, तर पट्टी हातात घेण्यापूर्वी बॅटरी लावून त्याच्या गालाच्या आत पाहिलेच पाहिजे.

उरला प्रश्न अर्धशिशीचा. ती आणि जबड्याचे दुखणे एकाच माणसात वारंवार एकत्र आढळतात, आणि एक दुसऱ्याला चेतवते असे मानण्यास जागा आहे. अशा रुग्णाने डोकेदुखीची तारीखवार नोंद ठेवावी: केव्हा उठली, कोणत्या बाजूला, मळमळ व उजेडाचा त्रास होता का, त्या दिवशी जबडा कसा होता. दीड-दोन महिन्यांच्या नियमित उपचारानंतर ती वही तज्ज्ञासमोर ठेवली म्हणजे बहुधा असे दिसते की कानशिलाचे रोजचे जडपण कमी झाले आहे, पण मळमळीसह येणारे तीव्र झटके अद्याप येत आहेत. त्या झटक्यांसाठी मज्जाविकारतज्ज्ञाचीच औषधे हवीत, आणि ती सुरू असताना जबड्याचे व्यायाम थांबवण्याचे कारण नाही.